नवा टीव्ही : मुहूर्त बाजाराचा की घराचा?

सदर : गृहस्थाचा जमाखर्च

पेढीवर माल घेताना आपला व्यापारी किती सावध असतो, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. भाव चढा असेल तर तो हात आखडता घेतो, हंगाम सरत आला की उरलेल्या मालावर वटाव मागतो, आणि पडून राहिला की ज्याची किंमत घटते अशा मालाचा साठा तो सहसा करीत नाही. तोच गृहस्थ संध्याकाळी घरी येतो. मुलगा मोबाईलवर एका भव्य टीव्हीचे चित्र दाखवतो आणि म्हणतो, "पप्पा, ही सवलत फक्त रविवारपर्यंतच आहे." पेढीवरचे सारे शहाणपण तेवढ्या एका वाक्याने गप्प होते. दोन-अडीच लाखांचा व्यवहार पंधरा मिनिटांत उरकतो. एवढ्या रकमेचे कापड किंवा धान्य त्याच गृहस्थाने पंधरा मिनिटांत कधीच घेतले नसते.

चातुर्मास अर्ध्यावर येतो न येतो तोच दिवाळीच्या जाहिराती सुरू होतात आणि घराघरांत हा विषय निघतो. म्हणून या अंकात तोच घेतला आहे. उंची टीव्ही घ्यावा की घेऊ नये, याचा निर्णय प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीने आणि आपापल्या नियमांनी करायचा आहे. येथे विचार करायचा आहे तो 'केव्हा' या प्रश्नाचा. हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. त्यात पैसा आहे, घरातली माणसे आहेत आणि आपले व्रतही आहे.

भाव उतरत जाणारा माल

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळी घेतलेला संच दहा-पंधरा वर्षे सहज चालत असे. प्रक्षेपणाची पद्धत फारशी बदलत नव्हती, त्यामुळे शेजाऱ्याकडचा नवा संच आणि आपला जुना संच यांवर दिसणारे चित्र जवळपास सारखेच असे. बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा गल्लीतच सापडे. अशा काळात 'केव्हा घ्यावा' याचे उत्तर सोपे होते : पैसे जमले की.

आज तसे राहिलेले नाही. ओएलईडी प्रकारच्या पडद्याचे उदाहरण घेऊ. या पडद्यात प्रत्येक चित्रबिंदू स्वतःच प्रकाश देतो, मागून दिव्यांची गरज नसते. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. २०१३ मध्ये एलजी कंपनीने अमेरिकेत ५५ इंची ओएलईडी टीव्ही विक्रीस आणला, तेव्हा त्याची किंमत सुमारे १५,००० डॉलर होती. आज त्याच आकाराचा आणि गुणांनी कितीतरी सरस संच तेथे त्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळतो. पहिल्या वर्षी ज्यांनी तो घेतला, त्यांनी बाकीची रक्कम 'सर्वांत आधी आपल्याकडे' या समाधानापोटी मोजली.

ज्यांनी घेतलेली वस्तूच पुढे बाजारातून निघून गेली, त्यांचे नुकसान याहून मोठे. २०१० च्या सुमारास चष्मा लावून पाहायच्या त्रिमित टीव्हीचा मोठा गाजावाजा झाला. २०१७ पर्यंत प्रमुख उत्पादकांनी तो बनवणे सोडून दिले. प्लाझ्मा पडदा चित्राच्या दृष्टीने उत्तम होता, तरी २०१४ नंतर मोठ्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली. पुढे वक्र पडद्याची लाट आली आणि तीही ओसरली. या वस्तू वाईट होत्या असे नाही. पण नव्या तंत्राच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ग्राहक वस्तूबरोबर प्रयोगाचा खर्चही भरत असतो. हा प्रयोग त्याच्या पैशाने होतो आणि नफा मात्र पुढच्या ग्राहकाला मिळतो.

म्हणून पहिला नियम साध्या व्यापारी भाषेत असा : ज्या मालाचा भाव दरवर्षी उतरतो, तो गरजेच्या दिवशी घ्यावा, आदल्या दिवशी घेऊ नये.

आनंद श्रावकाची यादी

पण गरज म्हणजे काय, हे कोण ठरवणार? येथे आपली परंपरा मदतीला येते. पाचव्या अणुव्रताला परिग्रहपरिमाण म्हणतात, इच्छापरिमाण असेही म्हणतात. तत्त्वार्थसूत्राचे कर्ते उमास्वाती, दिगंबर परंपरेत उमास्वामी, यांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूत गुंतून पडलेल्या चित्तावरून केली आहे. त्यामुळे मोठा टीव्ही म्हणजे परिग्रह आणि लहान टीव्ही म्हणजे अपरिग्रह असा सोपा हिशेब येथे चालत नाही.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण पर्युषणात ऐकत आलो आहोत. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ मोठा श्रीमंत होता. चार कोटी सुवर्ण भांडारात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरच्या वैभवात. दहा-दहा हजार गायींचे चार कळप, पाचशे नांगर. भगवान महावीरांजवळ व्रते घेताना त्याने हे सारे टाकून दिले नाही. त्याने मर्यादा आखली. यापुढे एवढेच, याहून अधिक नाही. शिवाय मर्यादा आखताना तो मोघम राहिला नाही. अंग पुसायचे वस्त्र कोणते, दातवण कोणते, फळ कोणते, येथवर त्याची यादी जाते. दातवणासाठी ज्येष्ठमधाची ओली काडी, फळांत गोड आवळा, असे एकेक त्याने ठरवले.

या कथेत आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट आहे ती क्रमाची. आनंदाने आधी मर्यादा ठरवली, मग व्यवहार केला. आपल्या घरांत बहुधा उलटे होते. आधी दुकानात जातो, तेथे भिंतभर लावलेले पडदे एकमेकांशी ताडून पाहतो, आणि मग समोरचा सर्वांत झगझगीत पडदा हीच आपली गरज होऊन बसते. दुकानातील सारे संच एकाच वेळी पाहिले की ५५ इंचाचा संच केविलवाणा वाटू लागतो. घरच्या भिंतीवर मात्र तो एकटाच असतो, तेथे त्याला ताडून पाहायला दुसरा नसतो. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी घरात बसून, वहीत तीन ओळी लिहाव्यात : आकार किती, रक्कम जास्तीत जास्त किती, आणि पुढची किती वर्षे दुसरा घ्यायचा नाही. ही तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा कोणी लिहीत नाही.

जुना संच खरोखर जुना झाला आहे का?

पुष्कळदा तक्रार पडद्याविषयी नसते. टीव्ही सुरू व्हायला वेळ लागतो, ओटीटीचे एखादे अ‍ॅप उघडत नाही, आवाज स्पष्ट ऐकू येत नाही. पहिल्या दोन गोष्टी आतील सॉफ्टवेअरच्या आहेत. उत्पादक काही वर्षांनी जुन्या संचांना नवे सॉफ्टवेअर देणे बंद करतात. काच आणि दिवे मात्र धडधाकट असतात. अशा वेळी काही हजार रुपयांची स्ट्रीमिंग स्टिक मागे जोडली की तोच संच पुन्हा चपळ होतो. आवाजाची तक्रार साउंडबारने दूर होते, कारण सपाट टीव्हीत चांगल्या स्पीकरला जागाच नसते, आणि हे नव्या, महागड्या संचातही बऱ्याच अंशी खरे आहे.

पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा आल्या असतील, एक बाजू काळवंडली असेल किंवा चित्र मधूनच जात असेल, तर मात्र दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा. पडदाच बदलायचा असेल तर तो खर्च संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो. तेव्हा नवा घेणे शहाणपणाचे. दिवे, वीजपुरवठ्याचे कार्ड किंवा दुसरा लहान भाग गेला असेल तर दुरुस्ती परवडते. हा निवाडा जाहिरातीकडून नको, कारागिराकडून घ्यावा.

घराचे माप

नवा घ्यायचे ठरले की माप घ्यायचे ते भिंतीचे नव्हे, सोफ्यापासून भिंतीपर्यंतच्या अंतराचे. पडद्याचा कर्ण जितका, त्याच्या साधारण दीडपट अंतरावरून पाहणे सुखाचे होते. ५५ इंच म्हणजे सुमारे १४० सेंटीमीटर. त्याला सात फूट अंतर पुरे. ६५ इंचाला आठ फूट, ७७ इंचाला साडेनऊ ते दहा फूट. शहरातील पुष्कळ सदनिकांच्या बैठकीत आठ-नऊ फुटांपलीकडे अंतर मिळतच नाही. तेथे ७७ इंची संच लावला तर क्रिकेट पाहताना चेंडूमागे मान फिरवावी लागते.

एट-के नावाच्या पडद्याचा मोहही याच मापाने निवतो. फोर-के पडद्यावर आडव्या ओळीत ३,८४० चित्रबिंदू असतात, एट-केवर ७,६८०. साध्या निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद पाहण्याची मर्यादा लक्षात घेतली, तर ६५ इंची फोर-के संचाचे बिंदू वेगवेगळे दिसण्यासाठी सुमारे सव्वाचार फुटांवर बसावे लागेल, आणि एट-केचा फायदा पुरता दिसण्यासाठी दोन फुटांवर. आठ फुटांवर बसणाऱ्याला दोन्ही सारखेच. शिवाय आपल्याकडील बहुतेक वाहिन्या अजून एचडी किंवा त्याहून कमी स्पष्टतेच्या आहेत. ओटीटीवर फोर-के चित्र मिळते, पण त्यालाही चांगले इंटरनेट लागते. नेटफ्लिक्स त्यासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेग सुचवते. जे दिसणारच नाही त्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता प्रकाराविषयी. उंची संचांत आज मुख्य निवड दोन प्रकारांत असते : ओएलईडी आणि मिनी-एलईडी. मिनी-एलईडीत पडद्यामागे असंख्य बारीक दिवे असतात आणि ते भागाभागाने मंद-तेज होतात. रात्री अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्या घराला ओएलईडी शोभतो. मोठ्या खिडक्यांच्या, दिवसा उजेडाने भरलेल्या बैठकीत मिनी-एलईडी अधिक तेजस्वी दिसतो.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट आणखी ध्यानात घेण्यासारखी आहे. कित्येक व्यापारी घरांत सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडल्यापासून दुपारी साडेतीनला तो बंद होईपर्यंत बाजाराची वाहिनी चालू असते. तिच्या खालची पट्टी आणि कोपऱ्यातील बोधचिन्ह तासन्तास एकाच जागी असते. ओएलईडी पडद्यावर असे स्थिर चित्र वर्षानुवर्षे राहिले तर त्याची पुसट छाप कायमची उमटण्याचा धोका असतो. कंपन्यांनी त्यावर उपाय केले आहेत, तरी धोका अगदी संपलेला नाही. ज्या घरात निर्देशांक दिवसभर भिंतीवर असतो, त्या घराने मिनी-एलईडी घ्यावा. किंवा त्याहून उत्तम म्हणजे निर्देशांक पेढीवरच ठेवावा.

वर्षाचे पंचांग

टीव्हीच्या बाजारालाही आपले पंचांग आहे. दर जानेवारीत अमेरिकेतील लास व्हेगासला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते आणि त्या वर्षीचे नवे संच तेथे दाखवले जातात. भारतात ते साधारणपणे उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत दुकानांत येतात. येताना भाव चढा असतो. नवरात्र-दिवाळीपर्यंत तो उतरतो, कारण तेव्हा सगळ्यांचाच माल बाहेर काढायचा असतो. पुढच्या उन्हाळ्यात नवा माल आला की गेल्या वर्षीचा उरलेला माल दुकानदाराला नकोसा होतो. व्यापारी वाचकाला यापुढचे सांगायला नको.

म्हणजे खरेदीच्या दोन चांगल्या वेळा ठरतात. एक, नवरात्र ते दिवाळी. दुसरी, आणि पुष्कळदा अधिक फायद्याची, नवा संच बाजारात आल्यावर गेल्या वर्षीचा सर्वोत्तम संच घेण्याची. दोन लागोपाठच्या वर्षांतील संचांत फरक बहुधा थोडा असतो, भावात मात्र चांगलाच असतो. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात : पेटी सीलबंद आहे ना, हमी बिलाच्या तारखेपासून लागू आहे ना, आणि सॉफ्टवेअर आणखी किती वर्षे मिळणार. धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला वस्तू घरी आणायची हौस असेल तर अवश्य आणावी. फक्त भाव आधी ठरवावा आणि मुहूर्त नंतर.

सरकारी कराचाही परिणाम होतो. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २०२५ मध्ये स्वातंत्र्यदिनी करकपातीचे सूतोवाच झाले. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व सुरू असताना, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेने निर्णय घेतला. आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवा १८ टक्क्यांचा दर लागू झाला. एक लाख मूळ किमतीचा संच १,२८,००० वरून १,१८,००० रुपयांवर आला. बातमी वाचून चार-पाच आठवडे थांबलेल्यांचे दहा हजार वाचले. ज्यांनी ऑगस्टच्या सवलतीत घाईने घेतला, त्यांची सवलत बहुधा या फरकातच विरून गेली. अशी कपात दरवर्षी होत नाही, तिची वाट पाहत बसायचे कारण नाही. पण मोठ्या खरेदीआधी वर्तमानपत्र वाचण्याची सवय पेढीइतकीच घरासाठीही हवी.

थांबण्याचाही लोभ असतो

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग थांबलेलेच बरे. पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होईल. याही विचाराला एक मर्यादा आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणू या. तीन पिढ्या एकत्र आहेत. आजींना ऐंशी उलटून गेली आहेत. डोळ्यांच्या मध्यभागचे दिसणे कमी झाले आहे, पुस्तक वाचवत नाही, पाठशाळेत शिकवलेली स्तोत्रे मनातल्या मनात म्हणतात. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले की संध्याकाळ मोठी होते. महाराजसाहेबांचे प्रवचन टीव्हीवर लागते, पण बत्तीस इंची पडद्यावर त्यांना चेहरा ओळखता येत नाही. परदेशी असलेला नातू रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मोबाईलवर त्यांना तो नुसता ठिपका दिसतो. सून दोनदा सुचवते, "आईंसाठी मोठा घेऊ या." आणि घरचा कर्ता पुरुष तीन दिवाळ्या म्हणत राहतो, "अजून भाव उतरेल."

भाव उतरतोच. तो चुकलेला नसतो. पण चौथ्या दिवाळीला आजी असतील की नाही, हे कोणत्याही भावफलकावर लिहिलेले नसते.

व्रताच्या भाषेत पाहिले तर हीदेखील मूर्च्छाच आहे. वस्तूत गुंतलेले मन आणि वाचवायच्या पैशात गुंतलेले मन यांत फार अंतर नाही. एक जण नव्या संचासाठी झोप घालवतो, दुसरा पाच हजार वाचवण्यासाठी रोज रात्री भाव पाहतो; दोघांच्याही डोक्यात टीव्हीच आहे. या दोघांपेक्षा ज्याने एकदा विचार केला, मर्यादा लिहिली, योग्य वेळी घेतला आणि विषय मिटवला, तो अधिक अपरिग्रही म्हणावा लागेल. वृद्धांची सेवा हे आपल्याकडे वैयावृत्त्याचे अंग मानले आहे. ज्या घरात मोठ्या पडद्याने एखाद्या वृद्धाला जग पुन्हा दिसणार आहे, त्या घरासाठी योग्य मुहूर्त आजचाच. तेथे ओएलईडी नको, एट-के नको. आकार मोठा, अक्षर ठळक, रिमोट सोपा एवढे पाहावे आणि घ्यावा.

बिल कोणाच्या नावावर?

व्यवहार ठरला की बिलाचा प्रश्न येतो. "पेढीच्या नावावर घ्या, कराचा परतावा मिळेल," असा सल्ला कोणी ना कोणी देतोच. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे वैयक्तिक वापराच्या वस्तूवरील कराची वजावट मिळत नाही. दुकानात ग्राहकांसाठी लावलेला पडदा निराळा. बैठकीतला टीव्ही पेढीचा म्हणून दाखवणे हा कायद्याचा भंग आहे. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम मोजला आहे, खोटी मापे मोजली आहेत. टीव्हीच्या निमित्ताने दहा-वीस हजारांसाठी त्या यादीत आपले नाव घालून घेणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. आणि मुलेही बिल वाचतात. त्यांना त्या दिवशी जे दिसते ते दहा प्रवचनांनी पुसता येत नाही.

हप्त्यांविषयीही थोडे. 'विनाव्याज हप्ते' या शब्दांवर व्यापाऱ्याने तरी भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. व्याज कुठे ना कुठे भरले जाते : रोखीने घेणाऱ्याला मिळणारा वटाव हप्तेवाल्याला मिळत नाही, प्रक्रियाशुल्क लागते, कार्डावरील व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो. दुकानदाराला सरळ विचारावे, "रोख दिले तर किती?" त्या उत्तरातच व्याजाचा दर दडलेला असतो. मर्यादेत लिहिलेली रक्कम हातात नसेल, तर घराची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

जुन्याचे काय, नव्याचे काय

नवा आला की जुना भंगारवाल्याकडे जातो आणि आपण त्याला विसरतो. जुन्या फुगीर संचाच्या काचेत शिसे असते. सपाट एलसीडीच्या पहिल्या पिढीतील दिव्यांत पारा असतो. उघड्यावर हातोडीने फोडणाऱ्या गरीब माणसाच्या फुप्फुसांत ते जाते, जमिनीत आणि पाण्यात उतरते. मुंगी चुकवून चालणाऱ्या समाजाने हा प्रवास डोळ्यांआड करू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या संचांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे नवा घेतानाच जुना परत घेण्याची व्यवस्था विचारावी, अथवा अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. संच चालू असेल तर त्याहून चांगले : वृद्धाश्रमाला, एखाद्या गरजू शाळेला किंवा घरी काम करणाऱ्या ताईंना तो द्यावा. मात्र देताना तो खरोखर चालतो याची खात्री करावी. आपला कचरा दानाच्या नावाखाली दुसऱ्याच्या दारी टाकू नये.

राहिला नवा संच. समजा तो १५० वॅट वीज घेतो आणि दिवसाला पाच तास चालतो. वर्षाला सुमारे २७४ युनिट होतात. यातील अर्धा वेळ बैठकीत कोणीच पाहत नसेल, तर १३७ युनिट कोणाच्याही उपयोगाविना जळाले. विनाप्रयोजन होणाऱ्या अशा हिंसेलाच आपण अनर्थदंड म्हणतो, आणि त्यापासून विरत होणे हे गुणव्रत आहे. संच स्वस्तात घेतला की महागात, याहून तो कोणी पाहत नसताना बंद केला की नाही, हे पुढची आठ-दहा वर्षे रोज विचारले जाणार आहे. पर्युषणाच्या दिवसांत कित्येक घरांत टीव्हीवर कापड टाकतात. तो नियम ज्यांच्याकडे आहे त्यांनी नव्या संचालाही लागू करावा. नव्याचे कौतुक पर्वापेक्षा मोठे नाही.

तेव्हा येत्या रविवारी सर्वांनी मिळून वही उघडावी. आजीआजोबांना आधी विचारावे, मुलांना नंतर, आणि कर्त्याने शेवटी बोलावे. आकार, रक्कम आणि वर्षे, या तीन ओळी लिहून खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मग बाजार त्याच्या घंटा वाजवीत राहो. आपली वेळ आपल्या वहीत लिहिलेली असेल.

जय जिनेंद्र.